आग्या माशीची लहर: उघड्या पोळ्याच्या बचावाचा प्रकरण अभ्यास

आग्या माशीच्या पोळ्यासमोर गांधीलमाशी येऊन घिरट्या घालू लागली, की पोळ्याच्या पृष्ठभागावर एक काळसर लहर उमटते, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे पसरते आणि विरून जाते. या लहरीत शेकडो माश्या सामील असतात, तरी त्यांतली एकही जागची उडत नाही. गांधीलमाशी मागे सरते, थोड्या वेळाने पुन्हा पुढे येते आणि पुन्हा लहर उठते. प्रस्तुत अभ्यासाचा विषय एवढाच प्रसंग आहे: उघड्यावर लटकणारे पोळे, त्याच्यासमोर आलेला एक शिकारी कीटक, आणि डंख न मारता त्याला दूर ठेवण्याची माश्यांची पद्धत.

मराठी वाचकाला आग्या माशीची ओळख वेगळ्याच बाजूने असते. तिच्या नावातच आग आहे, आणि ‘आग्यामोहोळ उठणे’ हा शब्दप्रयोग आपण माणसांच्या प्रक्षोभालाही लावतो. अजिंठ्याच्या लेण्यांत किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर पर्यटकांवर माश्या तुटून पडल्याच्या बातम्या वरचेवर येतात, त्यामुळे जरा डिवचले की हल्ला करणारा जीव, असा तिच्याविषयीचा समज दृढ झालेला आहे. हा समज खोटा नाही, पण अपुरा आहे, आणि तो का अपुरा आहे हे कळण्यासाठी माणसाऐवजी गांधीलमाशीला समोर ठेवून पोळ्याकडे पाहावे लागते.

पोळे आणि त्यावरचा पडदा

आग्या माशी, म्हणजे शास्त्रीय नावाने एपिस डॉर्साटा, भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत आढळते. आपल्याकडची सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत किंवा जुन्या वारुळात अनेक समांतर पोळी बांधते, आणि तिच्या घराला एक अरुंद दार असते. ज्याला दार आहे त्याला पहारा बसवणे सोपे जाते. आग्या माशीला ही सोय नाही. ती एकच मोठे पोळे बांधते आणि तेही उघड्यावर: कड्याच्या पोटाला, वडाच्या किंवा सावरीच्या जाड आडव्या फांदीखाली, शहरात पाण्याच्या टाकीखाली नाहीतर उंच इमारतीच्या सज्जाखाली. अशा पोळ्याची रुंदी दीड मीटरपर्यंत जाऊ शकते आणि भरलेल्या वसाहतीत पन्नास हजारांहून अधिक माश्या असू शकतात. मध, परागकण, अंडी, अळ्या हे सारे भांडार चहूबाजूंनी उघडे असते.

या उघड्या भांडाराला भिंत असते ती माश्यांच्याच शरीरांची. वसाहतीतल्या बहुसंख्य कामकरी माश्या पोळ्याच्या दोन्ही बाजूंना थरांवर थर रचून बसतात आणि त्यांचा एक जिवंत पडदा तयार होतो. सगळ्यात वरच्या थरातल्या माश्यांची डोकी वर आणि पोटे खाली असतात. कौलारू छपरावरची कौले जशी एकमेकांवर थोडी थोडी चढलेली असतात, तशा त्या दिसतात. दुरून पाहणाऱ्याला हा पडदा निपचित वाटतो. त्याचा एक भाग मात्र सतत गजबजलेला असतो. बाहेरून मध-पराग घेऊन येणाऱ्या माश्या तिथे उतरतात, तिथूनच उडतात आणि नाचून दिशा सांगतात, ते सगळे याच भागात. अभ्यासक त्याला पोळ्याचे तोंड म्हणतात.

शत्रू आणि डंखाची मर्यादा

व्हेस्पा या प्रजातीतल्या गांधीलमाश्या मधमाश्यांच्या जुन्या शिकारी आहेत. त्या एकेकट्या येतात, हवेत तरंगत राहतात, एखादी माशी झडप घालून उचलतात, तिचे लचके तोडून मांसाचा गोळा आपल्या अळ्यांसाठी घेऊन जातात आणि परततात. असा शत्रू वसाहत एका फटक्यात नष्ट करत नाही, तो तिच्यातून दिवसभर एकेक माशी काढत राहतो.

अशा शत्रूपुढे डंख हे बेताचेच हत्यार ठरते. गांधीलमाशीचे कवच टणक असते आणि नांगी रुतण्याजोगी जागा सांध्यांपुरतीच. एकेकटीच्या झटापटीत आग्या माशीचा निभाव लागत नाही. त्यातही मोठी अडचण अशी, की डंख मारायचा तर पडदा सोडून हवेत उडावे लागते, आणि हवेत उडालेली एकटी माशी हीच गांधीलमाशीची सर्वांत सोयीची शिकार असते. म्हणजे माणसाला पिटाळून लावणारा जो उपाय, तोच या शत्रूपुढे त्याचे ताट वाढून देण्यासारखा होईल. गांधीलमाशी पडद्यावर प्रत्यक्ष टेकली, तर माश्या तिला ओढून घेऊन घेरतात हे खरे, परंतु इतक्या जवळ न येण्याची काळजी तीही घेते.

सातेरीच्या जपानी बहिणीने याच अडचणीवर काढलेला मार्ग पुष्कळांना माहीत असतो. तामागावा विद्यापीठातील मासातो ओनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, जपानी मधमाश्या महाकाय गांधीलमाशीला दारातून आत येऊ देतात, पाचशेहून अधिक माश्या तिच्याभोवती घट्ट गोळा करतात आणि उड्डाणाचे स्नायू थरथरवून गोळ्याच्या आतले तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. गांधीलमाशी ४४ ते ४६ अंशांना मरते, मधमाश्या ४८ ते ५० अंशांपर्यंत तग धरतात, आणि या दोन-चार अंशांच्या फरकावर सगळा डाव उभा असतो. मात्र या डावाला अरुंद दार आणि बंदिस्त जागा उपयोगी पडते. उघड्या पोळ्यासमोर अर्ध्या मीटरवर तरंगणाऱ्या शत्रूला घेरायचे कुठे? आग्या माशीला शत्रूला हात न लावता हाकलणे भाग होते.

चित्रफितींवरून उलगडलेला घटनाक्रम

लहर अनेकांनी पाहिली होती, परंतु तिचा गांधीलमाशीवर खरोखर परिणाम होतो की माश्या नुसत्याच अस्वस्थ होतात, हे कुणी मोजलेले नव्हते. ऑस्ट्रियातील ग्राट्स विद्यापीठाचे गेराल्ड कास्टबर्गर यांनी एव्हलिन श्मेल्त्सर आणि इल्से क्रानर यांच्यासह ते मोजले आणि २००८ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. दोन वसाहतींसमोर गांधीलमाश्या आल्याचे ४५० प्रसंग त्यांनी चित्रित केले होते, आणि प्रत्येक प्रसंग एकेक चौकट थांबवून तपासला होता.

त्यातून दिसलेला क्रम असा. गांधीलमाशी जवळ येते तेव्हा पडद्यावरील एखाद्या ठिकाणी काही माश्या आपले पोट झटक्यात वर उचलतात. शेजारच्या माश्या तसेच करतात, त्यांच्या शेजारच्या तसेच करतात, आणि सेकंदाच्या काही अंशांत ही क्रिया पडदाभर पसरते. वानखेडेवर प्रेक्षक ओळीने उठून बसतात आणि ‘मेक्सिकन वेव्ह’ मैदानाभोवती फिरते, तिच्याशी या प्रकाराचे साम्य इतके उघड आहे की अभ्यासकांनीही तीच उपमा वापरली आहे. प्रत्येक लहरीनंतर गांधीलमाशीच्या उड्डाणात बदल होतो, ती पोळ्यापासून दूर वळते, आणि हे वळणे लहरीच्या वेळेशी घट्ट बांधलेले असते. उलट बाजूनेही तसेच घडते: गांधीलमाशी जितकी जवळ आणि तिचा वेग जसा, त्यानुसार लहरींचा जोर आणि त्यांची वारंवारता बदलते. म्हणजे पोळे ठरावीक अंतराने आपोआप लहरी सोडत बसत नाही. समोरच्याची चाल पाहून ते उत्तर देते.

या सगळ्याचा परिणाम म्हणून पोळ्यासमोर सुमारे ५० सेंटिमीटरांचा एक पट्टा तयार होतो, ज्यात गांधीलमाशी सहसा टिकत नाही आणि पडद्यावरून थेट माशी उचलू शकत नाही. बाहेरून परतणारी एखादी माशी तिला वाटेत मिळू शकते, परंतु भिंत शाबूत राहते.

दोन वसाहती म्हणजे नमुना लहान, ही शंका वाजवी आहे. शिवाय दोन गोष्टी वेळेच्या दृष्टीने जोडलेल्या आहेत एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही खरे. मला तरीही हा पुरावा भक्कम वाटतो, कारण याच गटाने पुढे गांधीलमाशीची नकली प्रतिकृती पोळ्यासमोरून फिरवून तशाच लहरी उठवून दाखवल्या, आणि दुसऱ्या एका देशातल्या दुसऱ्या एका गटाने वेगळ्याच पद्धतीने माश्यांच्या नजरेची बाजू तपासली. तिच्याकडे पुढे येतो.

लहर कशी चालते

लहर कुठूनही सुरू होत नाही. तिची सुरुवात करणाऱ्या माश्या पडद्याच्या ठरावीक जागी असतात, आणि कास्टबर्गर यांच्या गटाने त्यांना खास कामगिरीवरच्या माश्या मानले आहे. त्यांनी पोट उचलले की बाकीच्या प्रतिसाद देतात. पसरण्याची एक रीत आग विझवताना हातोहात बादल्या पुढे देणाऱ्या माणसांच्या रांगेसारखी आहे, शेजारणीकडून शेजारणीकडे. एवढीच रीत असती तर लहर बरीच मंद चालली असती. प्रत्यक्षात मुख्य लाटेच्या पुढे, थोड्या अंतरावर, नव्या जागी पोटे उचलली जातात आणि तिथून छोट्या लहरी निघून मुख्य लाटेला मिळतात. या उड्यांमुळे एकूण वेग वाढतो. गटाच्या २०१४ च्या शोधनिबंधाचा विषय हाच होता.

पडद्याच्या आतल्या थरांचे काय, हा प्रश्न मला सर्वांत रोचक वाटतो. वरच्या थरातल्या माश्यांना शत्रू दिसतो. आतल्यांना, पोळ्याच्या दुसऱ्या बाजूच्या माश्यांना तो दिसणे शक्यच नाही. २०१३ मध्ये याच गटाने लेसर किरणांच्या साहाय्याने पोळ्याची कंपने मोजून दाखवले, की शेकडो पोटे एकसाथ वर गेली की सबंध पोळे हलते. म्हणजे ज्या क्रियेने बाहेरच्या शत्रूला निरोप जातो, तिनेच आतल्या माश्यांनाही बाहेर काहीतरी घडते आहे हे कळू शकते. त्याआधी, १९९८ मध्ये, लहरीच्या वेळी माश्या पोटाच्या टोकाजवळच्या नासोनोव्ह ग्रंथीतून गंध सोडतात, असा पुरावा मिळाला होता. इतर प्रसंगी हा गंध माश्यांना एका जागी जमवण्यासाठी वापरला जातो. घर बदलताना थव्यातल्या माश्या त्याच्याच मागाने एकत्र येतात. धोक्याच्या क्षणी डंखाला उठवणारा गंध न सोडता ‘इथेच राहा’ असे सुचवणारा गंध सोडणे, यात पडदा फुटू न देण्याची गरज स्पष्ट दिसते. दोन्ही गंध एकाच शरीरात असतात, कोणता मोकळा होतो ते समोरच्या शत्रूवर अवलंबून असते.

माशीला काय दिसते

लहर कशामुळे उठते याचे उत्तर तिरुवनंतपुरमच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत शोधले गेले. हेमा सोमनाथन, साजेश विजयन आणि स्वीडनमधील एरिक वॉरंट यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पोळ्यासमोर वेगवेगळ्या आकारांच्या आणि छटांच्या वस्तू, कधी उजळ तर कधी गडद पार्श्वभूमीपुढे, हलवून पाहण्यात आल्या. उजळ पार्श्वभूमीपुढे हलणाऱ्या सर्वांत काळ्या वस्तूलाच माश्यांनी लहरीने उत्तर दिले. गडद पार्श्वभूमीपुढे उजळ वस्तू हलवली तेव्हा पडदा स्वस्थ राहिला. भरपूर उजेडात लहर सर्वांत जोरदार होती आणि उजेड मंदावला तशी तीही मंदावली. तीच वस्तू पुन्हा पुन्हा दाखवूनही प्रतिसाद ओसरला नाही. खोट्या इशाऱ्याला कंटाळून दुर्लक्ष करू लागण्याची चैन या माश्यांना परवडत नसावी.

याच निबंधात दिलेला एक आकडा मागच्या अभ्यासाशी ताडून पाहण्यासारखा आहे. लहरीसाठी माशीला वस्तू ओळखू येण्याची किमान मर्यादा, वस्तू डोळ्याशी करत असलेल्या कोनात, १.६ ते ३.४ अंश इतकी आढळली. फुले शोधताना हीच मर्यादा ५.७ अंश असते, म्हणजे शत्रू हेरताना माशीची नजर बरीच तीक्ष्ण होते. आता अडीच सेंटिमीटर लांबीची गांधीलमाशी ५० सेंटिमीटरांवर धरली, तर तिचा कोन सुमारे २.९ अंश भरतो, आणि ९० सेंटिमीटरांवर तो १.६ अंशांवर उतरतो. हा माझा ढोबळ हिशेब आहे. प्रयोगातली वस्तू आणि प्रत्यक्ष गांधीलमाशी यांचे आकार सारखे नसतात, हे ध्यानात ठेवावे लागेल. तरीसुद्धा ऑस्ट्रियन गटाने चित्रफितींवरून काढलेला ५० सेंटिमीटरांचा पट्टा आणि केरळातल्या गटाने मोजलेली नजरेची मर्यादा इतक्या जवळ यावीत, हे लक्षणीय आहे. गांधीलमाशी जिथे दिसू लागते, साधारण तिथेच तिला अडवले जाते.

गांधीलमाशी लहरीला नेमकी कशामुळे बिचकते, याचे एकच उत्तर देता येत नाही. अचानक हललेला पृष्ठभाग तिला दचकवत असेल, सगळे काही हलत असताना एका माशीवर नजर ठरत नसेल, किंवा ‘आम्ही तुला पाहिले आहे’ हा निरोप तिला पोचत असेल. तिसरे स्पष्टीकरण मला अधिक पटते. बेसावध माशीला टिपण्यावर जिची शिकार अवलंबून आहे, तिला आपण हेरले गेलो हे कळले की तिथे थांबण्यात लाभ उरत नाही. अशा निरोपात दोघींचाही फायदा असतो. एकीची वेळेची बचत होते, दुसरीच्या बहिणी वाचतात.

लहर ज्यांच्यासाठी नाही ते शत्रू

हा निरोप एका विशिष्ट शत्रूच्या मापाचा आहे, हे इतर शत्रूंकडे पाहिले की कळते. मधुबाज हा शिकारी पक्षी पोळ्यावर थेट तुटून पडतो आणि अळ्यांनी भरलेला भाग तोडून नेतो. त्याच्या चेहऱ्यावरची पिसे खवल्यांसारखी दाट व कडक असतात. पोटे उचलून त्याला परतवता येत नाही, तिथे पडदा सोडून उठावेच लागते. निळ्या दाढीचा मोठा वेडा राघू तर याहून चलाख आहे. कास्टबर्गर आणि शर्मा यांनी २००० मध्ये लिहिलेल्या निबंधात दाखवले आहे, की हा पक्षी पोळ्यातल्या राखणदार माश्यांना मुद्दाम डिवचतो आणि पाठलागावर निघालेल्या माश्या टिपून खातो. वसाहतीचा बचाव हाच त्याचा शिकारीचा मार्ग. गांधीलमाशीसमोर न उडण्याचे जे शहाणपण पडदा दाखवतो, ते न दाखवण्याची किंमत किती पडते याचा हा उत्तम दाखला म्हणता येईल.

माणसाची गोष्ट आणखी वेगळी आहे. गडाच्या पायऱ्या चढून कड्याखाली येणारा किंवा लेण्यासमोर उभा राहिलेला माणूस बहुधा पोळ्याच्या खालून येतो, आणि त्याच्या मागे आकाश नसते, काळा कातळ किंवा झाडी असते. केरळातल्या प्रयोगांवरून अनुमान काढायचे झाले, तर अशा माणसाला लहरीचा इशारा मिळण्याची शक्यताच कमी. त्याच्यापर्यंत पोचणारी पहिली सूचना बहुतेक वेळा डंखाचीच असते, आणि एका डंखासोबत सुटलेला गंध पुढच्या माश्यांना त्याच जागेकडे बोलावतो. सस्तन प्राण्याच्या कातडीत रुतलेली काटेरी नांगी परत निघत नाही, माशी मरते आणि मागे राहिलेली नांगी गंध सोडत राहते. आग्या माशी चिडखोर आहे या आपल्या समजुतीचे मूळ मला इथे दिसते. सौम्य इशारा तिच्याजवळ आहे, पण आपण तो मिळावा अशा ठिकाणी उभे नसतो.

मध काढणाऱ्या लोकांनी मात्र या माशीची नजर फार पूर्वीच ओळखलेली दिसते. आशियात अनेक ठिकाणी आग्या माशीचे मोहोळ काळोख्या रात्री काढण्याची रीत आहे. मलेशियात तुआलांगच्या उंच झाडांवर चढणारे मध काढणारे चांदण्या रात्री टाळतात, कारण चंद्रप्रकाशात ही माशी उडू शकते. फांदीवर पोचल्यावर ते धुमसणारी चूड फांदीवर आपटतात आणि ठिणग्यांचा वर्षाव खाली सोडतात. प्रयोगात गडद पार्श्वभूमीपुढच्या उजळ वस्तूने लहर उठली नव्हती. इथे काळोखातल्या उजळ ठिणग्यांमागे माश्या पडदा सोडून थेट जमिनीकडे जातात आणि पहाट होईपर्यंत तिथेच बसून राहतात. वर पोळे उघडे पडलेले असते, आणि चढलेला माणूस ते कापून दोरीला बांधलेल्या भांड्यातून खाली सोडतो.